टायगरचं पोट: केळीपट्ट्यातल्या एका लॅब्राडोरचे जुने जुलाब आणि प्रोबायोटिकची जागा

ओळख कळू नये म्हणून या प्रकरणातली नावं आणि काही बारकावे बदलले आहेत. औषधांचे डोस या एका कुत्र्याचे आहेत. ते उचलून आपल्या कुत्र्याला देऊ नयेत.

पार्श्वभूमी

यावल तालुक्यातलं केळी पिकवणारं एकत्र कुटुंब. घरातले कर्ते अण्णा, त्यांची आई, दोन मुलं, सुना, नातवंडं. टायगर चार वर्षांचा लॅब्राडोर नर. लसीकरण वेळच्या वेळी झालेलं, निरोगी असतानाचं वजन २८ किलो. दिवसभर अण्णांच्या मागे केळीच्या बागेत, रात्री घराच्या ओट्यावर. शेतावर एक देशी कुत्रीही होती. तिचा उल्लेख पुढे येईल.

घर माळकरी. स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. टायगरचं खाणं म्हणजे घरातलंच खाणं: सकाळी दूध-पोळी, दुपारी वरण-भात किंवा कळण्याच्या भाकरीचा काला, अधूनमधून नातवंडांच्या हातची ग्लुकोज बिस्किटं. घरी पाण्याला पातेलं होतं, पण शेतात तहान लागली की ठिबकच्या टाकीखालचं डबकं किंवा पाटचारी. खान्देशातले बहुतेक शेतावरचे कुत्रे असंच खातात-पितात आणि वर्षानुवर्षं ठणठणीत राहतात, म्हणून यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

फेब्रुवारीत घरात लग्न झालं. पंगत उठल्यावर उरलेली वरण-बट्टी, वर तुपाची धार, आणि घोटलेली वांग्याची भाजी टायगरपुढे आली. त्या रात्री दोनदा उलटी आणि पहाटेपासून जुलाब. लग्नसराईत हे आम्हा पशुवैद्यांकडे नेहमीचं आहे. एवढी चरबी एकदम पोटात गेली की आतडं बिघडतं, कधी स्वादुपिंडालाही सूज येते. भाजीतला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो, तो धोका निराळाच. टायगर त्यातून सुटला. त्याला मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाचा पाच दिवसांचा कोर्स मिळाला आणि जुलाब थांबले.

आठवडाभराने पुन्हा सुरू झाले. मग तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच गोळी आणली गेली, आणि मार्चअखेर पुन्हा एकदा. माझ्याकडे तो एप्रिलच्या मध्यात आला तेव्हा वजन २३.५ किलो होतं. बरगड्या हाताला सहज लागत होत्या, कातडी निस्तेज. डोळ्यांत मात्र चमक होती आणि टेबलावर ठेवलेल्या बिस्किटावर त्याची नजर होती. भूक टिकून आहे, एवढं त्यातून कळलं.

समस्या

आजींनी अडचण एका वाक्यात सांगितली: "गोयी चालू असली का बरा राह्यतो, गोयी सुटली का पुन्हा तेच." पुढच्या सगळ्या निर्णयांची किल्ली याच वाक्यात होती.

कुत्र्याचे जुलाब तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले की आम्ही त्यांना जुने म्हणतो. एकदा जुने म्हटलं की संशयाची यादीच बदलते. अचानक आलेले जुलाब बहुतेकदा आहार सांभाळला आणि पाणी भरून काढलं की आपोआप थांबतात. जुन्यांच्या मागे काहीतरी ठाण मांडून बसलेलं असतं: जंत, जिआर्डियासारखा एकपेशी परजीवी, न मानवणारा आहार, आतड्याची दीर्घकालीन सूज, स्वादुपिंडाची कमतरता, अॅड्रिनल ग्रंथीचा आजार.

घरच्यांनी मोबाइलवर विष्ठेचे फोटो आणले होते, ते फार उपयोगी पडले. फिकट, बुळबुळीत, काही ठिकाणी शेंबडासारखी चिकट आणि सगळ्यांच्या म्हणण्यानुसार दुर्गंधी भयंकर. रक्त नाही. दिवसातून चार-पाच वेळा. एवढं वजन घटलं म्हणजे लहान आतड्यात शोषण बिघडलंय, आणि शेंबूड दिसतो म्हणजे मोठं आतडंही चिडलंय.

अण्णांच्या धाकट्या मुलाने पुण्याहून फोनवर प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपकारक जिवंत सूक्ष्मजीवांची पावडर, सुचवलं होतं आणि पुड्यांचं एक पाकीट पाठवलंही होतं. घरच्यांचा विचार असा: आधी ही पावडर देऊन बघू, नाही जमलं तर पुन्हा ती गोळी. प्रोबायोटिकचं नाव निघालं याचा मला आनंदच झाला. फक्त क्रम उलटा होता.

गोळीने बरं का वाटतं आणि ते टिकत का नाही

हे मी अण्णांना सविस्तर सांगितलं, कारण हे पटल्याशिवाय चौथा कोर्स थांबणार नव्हता.

मेट्रोनिडॅझोल आतड्यातल्या प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंना मारतं, सूजही थोडी उतरवतं. जिआर्डियालाही ते दाबतं, पण खात्रीने संपवत नाही. म्हणून गोळी चालू असेपर्यंत विष्ठा घट्ट. पण मरणाऱ्या जिवाणूंत कामाचेही असतात. निरोगी कुत्र्याच्या आतड्यात पेप्टअॅसिटोबॅक्टर हिरानोनिस नावाचा जिवाणू असतो. जुन्या लिखाणात तो क्लोस्ट्रिडियम हिरानोनिस म्हणून सापडेल. यकृतातून आलेल्या प्राथमिक पित्ताम्लांचं तो दुय्यम पित्ताम्लांत रूपांतर करतो, आणि ही दुय्यम पित्ताम्लं उपद्रवी जिवाणूंना डोकं वर काढू देत नाहीत. तो मेला की प्राथमिक पित्ताम्लं तशीच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथे पाणी खेचतात आणि विष्ठा पातळ होते. मेट्रोनिडॅझोल थांबवल्यानंतर चार आठवडे उलटले तरी काही कुत्र्यांत ही घडी पूर्ववत होत नाही, हे निरोगी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. टायगरला दोन महिन्यांत तीन कोर्स झाले होते. आधीचं सावरतंय तोवर पुढची गोळी.

अण्णांना मी म्हटलं, बांधावर तणनाशक मारलं की गवताबरोबर माती धरून ठेवणारी हरळीही जाते, मग पहिल्या पावसात बांधच वाहतो. टायगरच्या आतड्याचं तसंच झालंय. ते लगेच म्हणाले, "मग आता फवारणी बंद." तिथून पुढचं बोलणं सोपं झालं.

तपासणीत काय सापडलं

आधी एकदा विष्ठा तपासून झाली होती आणि अहवालात कृमींची अंडी आढळली नाहीत असं लिहिलं होतं. अहवाल खोटा नव्हता, अपुरा होता. जिआर्डियाच्या पुटी, म्हणजे त्याची कवचात बंद असलेली अवस्था, विष्ठेतून रोज पडत नाहीत. एका दिवसाच्या नमुन्यातला एक थेंब काचेवर घेऊन पाहिला तर त्या सहज निसटतात. म्हणून वेगवेगळ्या तीन दिवसांचे नमुने मागवले आणि ते झिंक सल्फेटच्या द्रावणात सेंट्रिफ्यूज करून पाहायचं ठरवलं.

नमुने थंड ठेवायचे होते आणि माळकरी घरात ते फ्रीजमध्ये ठेवणं शक्यच नव्हतं. थोरल्या सूनबाईंनी गोठ्यात थर्माकोलचा डबा ठेवला, त्यात बर्फाची पिशवी, वरून ओलं गोणपाट. प्रत्येक डबीवर चिकटपट्टी लावून तारीख आणि वेळ लिहिलेली. नमुने असे नीट घेतले जातात तेव्हा निम्मं निदान घरीच झालेलं असतं.

दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यात जिआर्डियाच्या पुटी दिसल्या. पहिला आणि तिसरा स्वच्छ.

सोबत रक्त तपासलं. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन २.८, म्हणजे आतड्यातून प्रथिनांची गळती नाही; हे २ च्या खाली असतं तर पुढचा सगळा बेत बदलला असता. गोचीडतापाची चाचणी नकारात्मक. सकाळच्या कॉर्टिसोलची पातळी व्यवस्थित आली, त्यामुळे अॅडिसनचा, म्हणजे अॅड्रिनल ग्रंथीचा, आजार बाजूला पडला. जीवनसत्त्व बी-१२ मात्र खालच्या टोकाला होतं. लहान आतड्याचं शेवटचं टोक बिघडलं की बी-१२ शोषलं जात नाही, आणि बी-१२ कमी असलं की आतड्याचं अस्तर भरून यायला वेळ लागतो.

आतड्यातल्या जिवाणूंचा तोल किती ढळलाय हे मोजणारी डिसबायोसिस इंडेक्स नावाची चाचणी अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने विकसित केली आहे. आमच्या भागात ती सहज उपलब्ध नाही. तीन कोर्सची हकिगत समोर असताना तिच्यावाचून अडलंही नाही.

समोरचे पर्याय

अण्णा, थोरला मुलगा आणि सूनबाई यांच्याशी बसून पर्याय मांडले. चौथा कोर्स तर आधीच बाद झाला होता.

प्रोबायोटिक एकटं द्यायचं, हा पुण्याचा सल्ला. मोह पडावा असाच: सोपं, निरुपद्रवी, कुत्रा आवडीने खातो. पण जिआर्डिया सापडल्यावर त्याला अर्थ उरला नाही. एन्टेरोकॉकस फेसियम एसएफ-६८ हा कुत्र्यांसाठी सर्वाधिक वापरला जाणारा एक प्रकार. जिआर्डिया असलेल्या कुत्र्यांना तो देऊन पाहिलेला एक छोटा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुटी पडण्यावर त्याचा काही परिणाम दिसला नाही. परजीवी घालवणं प्रोबायोटिकचं काम नाही.

ताक-दही, हा आजींचा पर्याय, आणि मी तो झटकून टाकला नाही. घरचं ताजं, बिनमिठाचं ताक बहुतेक कुत्र्यांना सोसतं, कारण विरजणात दुधातली बरीचशी साखर संपलेली असते. दूध मात्र मोठ्या कुत्र्याच्या पोटात ती साखर घेऊनच उतरतं, आणि जुलाब असताना ते बंदच हवं. प्रश्न असा की ताकात कुठले जिवाणू किती आहेत हे आपल्या हातात नसतं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेली व्याख्या पाहिली तर पुरेशा संख्येने दिलेले आणि यजमानाला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. जिवंत, पुरेशी संख्या आणि सिद्ध झालेला फायदा, या तिन्ही अटी. घरच्या ताकात पहिली बहुधा पुरी होते, उरलेल्या दोन सांगता येत नाहीत. म्हणून ताक खाणं म्हणून चालेल, उपचार म्हणून नाही, असं ठरलं. आजींना ते पटलं.

माणसांच्या मेडिकलमधली प्रोबायोटिकही विचारात घेतली. बॅसिलस क्लॉसीच्या कुपी सगळीकडे मिळतात. त्यातले जिवाणू बीजाणूरूपात असल्यामुळे उन्हाळ्यात टिकतात. सॅकरोमायसिस बुलार्डी ही यीस्ट आहे, जिवाणू नव्हे, म्हणून प्रतिजैविकाने ती मरत नाही. प्रतिजैविक चालू असलेल्या कुत्र्याला द्यायची तर मी तिचाच विचार करतो. टायगरचं प्रतिजैविक आता बंद झालं होतं. माणसांच्या पुड्यांत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते: गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं नाही ना. माणसाला ते निर्धोक आहे, पण कुत्र्याची रक्तशर्करा त्याने झपाट्याने कोसळते.

शेवटी क्रम ठरला. आधी जिआर्डिया, त्याच वेळी आहार आणि पाणी, आणि जिआर्डियाचं औषध संपल्यावर प्रोबायोटिक. एवढ्यावर चार-सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर एन्डोस्कोपी आणि आतड्याचा तुकडा तपासण्यासाठी मुंबईला पाठवायचं.

प्रत्यक्ष काय केलं

फेनबेंडॅझोल हे जंतांवरचं औषध, किलोमागे ५० मिलिग्रॅम, रोज एकदा, पाच दिवस. शेतावरच्या देशी कुत्रीलाही त्याच दिवशी सुरू केलं. तिला त्रास काहीच नव्हता, पण दोघं एकाच डबक्याचं पाणी पीत होते. यात अंकुशकृमीही (हुकवर्म) झाकली गेली. आपल्याकडे ती कुत्र्यांत इतकी आढळते की तिच्यासाठी वेगळं कारण शोधायची गरज पडत नाही.

औषधाच्या शेवटच्या दिवशी टायगरला साबणाने अंघोळ, शेपटीखालचे केस कापून. पुटी तिथे चिकटून राहतात, कुत्रा चाटतो आणि पुन्हा लागण होते. हा एक टप्पा चुकला की औषध फुकट जातं. त्याची गोधडी उकळत्या पाण्यात धुऊन पत्र्यावर वाळत घातली. पुटींना ओलावा लागतो, आणि एप्रिलातल्या यावल-भुसावळच्या उन्हात पत्र्यावर ओलावा किती वेळ टिकणार? विष्ठा रोज उचलायची, पाण्याचं पातेलं रोज घासून उन्हात ठेवायचं, बोअरचंच पाणी द्यायचं, शेतातही त्याच्यासाठी वेगळी बादली. कुत्र्यांतल्या जिआर्डियाचे बहुतेक प्रकार माणसाला लागत नाहीत. तरी घरात लहान मुलं होती, म्हणून हात धुण्याबद्दल वेगळं बजावलं.

आहाराचा प्रश्न सगळ्यांत नाजूक होता. उकडलेलं चिकन आणि भात हा नेहमीचा सल्ला या घरात देता येत नव्हता, आणि द्यावासाही वाटला नाही. पहिले दहा दिवस मऊ भात, घरच्या सायीविना दुधाचं पनीर आणि चमचा-दोन चमचे उकडलेलं गंगाफळ, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. तेल, तूप, फोडणी, दूध, बिस्किटं बंद. असं खाणं थोडे दिवस चालतं. त्यात कॅल्शियमसकट बरंच काही कमी पडतं, म्हणून महिनोन् महिने नाही. पुढे पचायला हलकं, कमी चरबीचं तयार खाद्य लागणार होतं आणि त्यात मांस असतं. अण्णा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "आईला विचारतो." आजींनी मार्ग काढला: डबा गोठ्यात राहील, पातेलं वेगळं, वाढणं नातवाकडे. पत्र्याच्या गोठ्यात उन्हाळ्यात खाद्यातली चरबी खवट होते, म्हणून लहान पाकिटं घ्यायची आणि डबा माठांच्या सावलीला ठेवायचा, एवढं मी जोडलं.

बी-१२ ची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी लावली.

प्रोबायोटिक फेनबेंडॅझोल संपल्यावर सुरू झालं. पुण्याहून आलेलं पाकीट मी बाजूला ठेवायला सांगितलं. ते एप्रिलात कुरिअरने आलं होतं आणि तोवर देवळीत, चुलीच्या वरच्या अंगाला ठेवलेलं होतं. आत जिवंत काय उरलं असेल याची खात्री नव्हती. नवीन घेतलं ते कुत्र्यांसाठीचं, प्रकाराचं पूर्ण नाव आणि मुदत संपेपर्यंतची जिवाणूसंख्या छापलेलं, एसएफ-६८ असलेलं. पुड्या फ्रीजच्या कप्प्यात ठेवायच्या, दारात नाही. दार दिवसातून पन्नासदा उघडतं.

दोन-तीन दिवसांनी त्या बाजूला दुसऱ्या कामाने गेलो होतो म्हणून घरी डोकावलो. टायगरच्या जेवणाची वेळ होती. आजींनी पातेल्यात भात काढला, वाफा निघत होत्या, त्यावर पुडी पालथी केली आणि भात हाताने कालवला, बोटं पोळत होती तरी. "औषध नीट मिळालं पाह्यजे," म्हणाल्या. त्या मायेने कालवत होत्या आणि त्या वाफेत पुडीतले जिवाणू मरत होते. मी सांगितलं: आधी भात निवू द्या, बोट सुखाने ठेवता आलं पाहिजे, मग पुडी. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भात ताटात पसरून पंख्याखाली ठेवायला सुरुवात केली.

हे माझ्या चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं, पुडीवर इंग्रजीत होतं. आजी इंग्रजी वाचत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यातली घसरण

सूनबाई रोज सकाळी विष्ठेचा फोटो पाठवत. १ ते ७ अशी गुणपट्टी आम्ही वापरतो: १ म्हणजे खडा, ७ म्हणजे पाणी, २-३ उत्तम. टायगर ६ वर आला होता. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीला तो ३ ते ४ मध्ये होता. दुर्गंधी गेली, शेंबूड गेला.

मग एका सकाळी एकदम ६. फोटोखाली मेसेज: "गोळी देऊ का?"

या प्रकरणातला सगळ्यांत अवघड निर्णय मला हाच वाटतो. घरात जुन्या पाकिटातल्या गोळ्या उरलेल्या होत्या आणि त्या काम करतात हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी तीन गोष्टी विचारल्या: तो खातोय का, खेळतोय का, रक्त किंवा उलटी आहे का. खातोय, खेळतोय, बाकी काही नाही. मग काल काय खाल्लं? अर्ध्या तासाने उत्तर आलं. शेजारी जेवणावळ होती आणि नातवाने लाडाने शेवभाजीत बुडवलेली अर्धी पोळी दिली होती.

ताप नाही, रक्त नाही, कुत्रा तरतरीत, कारण समोर. प्रतिजैविकाला जागाच नव्हती. एक वेळ हलकं खाणं, मग दोन दिवस भात-पनीर, पुडी चालू, पाणी भरपूर. सोबत हेही सांगून ठेवलं की दिवसभरात मलूल झाला, ओकला किंवा रक्त दिसलं तर रात्री-अपरात्री फोन करा. तिसऱ्या दिवशी फोटो ३ चा. नातवाला कुणी रागावू नये, असं मी अण्णांना आवर्जून सांगितलं. त्यानेच खरं सांगितलं म्हणून कारण सापडलं.

निष्पत्ती

फेनबेंडॅझोल संपल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तीन दिवसांचे नमुने पाहिले, पुटी नव्हत्या. प्रोबायोटिक सहा आठवडे चाललं आणि मग थांबवलं. ते जन्मभर द्यायचं नसतं. दिलेले जिवाणू आतड्यात कायमचा मुक्काम करत नाहीत, देणं थांबलं की काही दिवसांत दिसेनासे होतात. थांबवल्यावर पुढचे पंधरा दिवस फोटो चालूच ठेवले, कारण कस तिथे लागतो. विष्ठा २-३ वरच राहिली. जूनच्या मध्यात वजन २६.५ किलो, कातडीला तकाकी.

आता तो तयार खाद्य आणि त्यात थोडं घरचं खातो: भात, बिनमिठाचं ताक, आणि केळीपट्ट्यातच असल्यामुळे अधूनमधून उकडलेल्या कच्च्या केळ्याच्या चार फोडी. कच्च्या केळ्यातलं पिष्ट लहान आतड्यात पचत नाही. ते मोठ्या आतड्यात पोचून तिथल्या जिवाणूंचं खाद्य बनतं आणि त्यातून अस्तराला पोसणारी आम्लं तयार होतात. लहान मुलांच्या चिवट जुलाबांत त्याचा उपयोग बांगलादेशातल्या अभ्यासात दिसला आहे. कुत्र्यांबद्दल तेवढा आधार नाही, म्हणून टायगरला ते खाऊ म्हणूनच मिळतं.

सुधारणेत प्रोबायोटिकचा वाटा किती? माझ्या मते दुय्यम, पण खरा. मोठा वाटा परजीवी जाण्याचा, स्वच्छ पाण्याचा, चरबी कमी होण्याचा आणि मेट्रोनिडॅझोल थांबण्याचा. नुसता आहार बदलल्यावरही जुन्या जुलाबांचे पुष्कळ कुत्रे दोन आठवड्यांत सुधारतात. प्रोबायोटिकचा मला जाणवलेला मोठा उपयोग त्या घसरणीच्या सकाळी झाला: घरच्यांच्या हातात गोळीऐवजी देण्यासारखं काहीतरी होतं. प्रतिजैविक टाळायला एवढाही आधार पुष्कळ होतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला फाटा लग्नानंतरच्या सकाळचा. तरतरीत, पाणी पिणारा, रक्त न पडणारा कुत्रा तुपाची बट्टी खाऊन हगला तर त्याला एक दिवस हलकं खाणं आणि लक्ष एवढं बहुधा पुरतं. त्या टप्प्यावर प्रोबायोटिक द्यायला माझी हरकत नसते. काही चाचण्यांत त्याने जुलाब एखादा दिवस लवकर आटोपलेले दिसतात. ते आधी वापरलं असतं तर कदाचित पहिला कोर्स टळला असता. जिआर्डिया मात्र तसाच राहिला असता.

दुसरा फाटा दुसऱ्या वेळच्या जुलाबांचा. औषध संपताच आजार परतला की तिथेच विष्ठेचे तीन नमुने पाहायला हवेत. मार्चच्या सुरुवातीला ते झालं असतं तर पुढचे दोन कोर्स आणि चार किलो वजन वाचलं असतं. मेडिकलवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे: जुन्या चिठ्ठीवर कुत्र्याला प्रतिजैविक देऊ नका, नवीन तपासणीला पाठवा.

प्रोबायोटिक आणि आहार जवळजवळ एकाच वेळी सुरू झाले, त्यामुळे कशाने किती फरक पडला हे वेगळं काढता येत नाही. शास्त्राच्या दृष्टीने आधी दोन आठवडे नुसता आहार आणि मग पुडी असं करता येतं. कुत्र्याचं वजन टिकून असेल तर मी तसंच सुचवतो. टायगर साडेचार किलोने उतरला होता आणि घरचे धीर सोडण्याच्या बेतात होते. तिथे थांबणं योग्य नव्हतं.

साठवणुकीबद्दलच्या सूचना मी आता चिठ्ठीच्या वरच्या बाजूला मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून देतो: फ्रीजच्या कप्प्यात ठेवा, निवलेल्या अन्नात मिसळा, दुधात-चहात नको, पाकीट उन्हात आणू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. थंड प्रदेशातल्या कंपनीने कोरड्या, थंड जागी ठेवा असं छापलेलं असतं, तशी जागा आपल्या घरात मुद्दाम शोधावी लागते.

शेतावरच्या कुत्रीचे नमुनेही नंतर तपासले, स्वच्छ निघाले. पावसाळ्यात पाटचारी आणि डबकी पुन्हा भरतात, म्हणून ऑगस्टमध्ये दोघांचे तीन दिवसांचे नमुने पुन्हा पाहायचे ठरले आहे. टायगरची बी-१२ ची तपासणीही त्याच वेळी होईल. सूनबाईंनी ती तारीख गोठ्यातल्या कॅलेंडरवर, गाईच्या लसीच्या तारखेशेजारी लिहून ठेवली आहे.